दुष्काळ ‘पडतो’ आणि ‘जाहीर होतो’ : दुष्काळ, टंचाई, दुष्काळसदृश

प्रश्न

वर्तमानपत्राच्या एकाच पानावर एका बातमीत ‘दुष्काळ’, दुसरीत ‘पाणीटंचाई’, तिसरीत ‘अवर्षणप्रवण तालुके’ आणि चौथीत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ असे शब्द वाचायला मिळतात. हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येतात का, की त्यांच्या अर्थांत काही ठरलेला फरक आहे? ‘सदृश’ हे शेपूट का लावले जाते, आणि ते लावल्याने शेतकऱ्याच्या पदरात काही कमी-जास्त पडते का, हेही जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद

बोलण्यात हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात, सरकारी कागदावर मात्र येत नाहीत. आणि कागदावरचा हा फरक भाषेने आपसूक केलेला नसून राज्यकारभाराने गेल्या सुमारे दीडशे वर्षांत घडवलेला आहे. त्यामुळे केवळ व्युत्पत्ती सांगून या प्रश्नाचे उत्तर पुरे होत नाही.

तरी आरंभ व्युत्पत्तीपासून करू. ‘दुष्काळ’ म्हणजे वाईट काळ. बोलीत ‘दुकाळ’, आणि जोडीला ‘सुकाळ’. हे काळाचे नाव आहे, त्यात पाऊस, पीक किंवा पाणी यांपैकी कशाचाच उल्लेख नाही. म्हणूनच पाऊस हुलकावणी देणे, पीक करपणे, धान्य महागणे, दावणीची जनावरे विकणे, गाव सोडणे आणि अखेरीस माणसे मरणे ही सारी साखळी या एका शब्दात मावते. परंपरेने बारा वर्षांचा म्हणून सांगितला जाणारा दुर्गादेवीचा दुष्काळ किंवा १६३० च्या सुमाराचा, तुकोबांच्या घरावर कोसळलेला दुष्काळ, यांच्या आठवणींत साखळीचा कोणता दुवा अभिप्रेत आहे असे कोणी विचारत नाही. इंग्रजीत मात्र पावसाची ओढ आणि पिकांची हानी यांसाठी ‘ड्रॉट’ आणि अन्नावाचून होणाऱ्या हलाखीसाठी ‘फॅमिन’ असे दोन शब्द आहेत, आणि इंग्रजी अमलात कायदे त्या भाषेत लिहिले गेले. मराठीत दोन्हींसाठी आपला एकच शब्द राहिला. पुढच्या बऱ्याच गोंधळाचे मूळ या ठिकाणी आहे.

आता क्रियापदांकडे पाहावे. दुष्काळ ‘पडतो’. पाऊस पडतो, थंडी पडते, रोगाची साथ पसरते, तसा तो कोणी न आणता येतो, आणि त्याची ग्वाही द्यायला रिकामी कणगी पुरेशी असते. पण आज दुष्काळाबरोबर त्याहून अधिक ऐकू येणारे क्रियापद ‘जाहीर करणे’ हे आहे. मोर्चातल्या फलकावर ‘दुष्काळ जाहीर करा’ असे लिहिलेले असते. ‘दुष्काळ पडला आहे’ हे सांगण्यासाठी कोणी तहसील कचेरीवर जात नाही, कारण ते सर्वांना दिसत असते. पडणे आणि जाहीर होणे यांच्यामध्ये जो काळ जातो आणि जे शब्द वापरले जातात, त्यांवर वसुली थांबणार की नाही, मुलांचे परीक्षा शुल्क माफ होणार की नाही, हे ठरते. (सुकाळ कोणी जाहीर केल्याचे ऐकिवात नाही, त्याची वसुली तेवढी नियमाने होते.)

हे दुसरे क्रियापद दुष्काळाला कधी चिकटले? १८७६ ते १८७८ या काळात दख्खनवर जो भीषण दुष्काळ आला, त्यात इंग्रज सरकारचे दुष्काळ प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी सरकारी खर्च आवरण्यासाठी दुष्काळी कामांवरील मजुरी दिवसाला जेमतेम पौंडभर धान्य आणि वर थोडे पैसे इतकी खाली आणली, मुंबई इलाख्यात मजूर कामे सोडून निघून गेले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने खेड्यापाड्यांतली माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. त्यानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि त्यावरून प्रांतोप्रांती दुष्काळसंहिता तयार झाल्या. या संहितांनी दुष्काळाच्या पायऱ्या पाडल्या: आधी नुसती पाहणी, मग चाचणीची कामे, मग टंचाई, आणि शेवटी दुष्काळ. चाचणीच्या कामांची कल्पना मोठी कठोर होती. खडी फोडण्यासारखे कष्टाचे काम तुटपुंज्या मजुरीवर काढायचे, आणि त्यावरही माणसे झुंडीने आली तर संकट खरे मानायचे. भूक खरी आहे हे भुकेल्याने स्वतःच्या अंगमेहनतीने सिद्ध करायचे, असा त्याचा अर्थ होतो.

पण संहिता लिहिली गेली की ती लोकांनाही वाचता येते. १८९६-९७ च्या दुष्काळात टिळकांनी ‘केसरी’तून आणि सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांनी गावोगावी फिरून नेमके हेच सांगितले की, पीक बुडाले असेल तर शेतसाऱ्याची सूट किंवा तहकुबी हा सरकारच्याच नियमांनी दिलेला हक्क आहे आणि तो मागायला भिऊ नये. सरकारला हे इतके झोंबले की १८९७ मध्ये सभेची सरकारदरबारची मान्यता काढून घेण्यात आली. ‘दुष्काळ’ या शब्दाचा मागणी म्हणून वापर मराठीत रुजला तो या सुमारास, असे माझे मत आहे.

स्वातंत्र्यानंतरची घटना अधिक नवलाची आहे. महाराष्ट्र राज्याने १९६३ मध्ये कायदा करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्दच वगळला आणि त्या जागी टंचाई या अर्थाचा शब्द घातला. शेतीच्या स्थितीवर शासनाची सतत नजर असते, टंचाईची चिन्हे दिसताच उपाय केले जातात, त्यामुळे पूर्वीच्या अर्थाने दुष्काळ उद्भवतच नाही, असा त्यामागचा युक्तिवाद होता. तो अगदीच पोकळ होता असे म्हणता येणार नाही, कारण १९७२-७३ मध्ये जे संकट आले त्यात राज्याने कामे काढून असंख्य माणसांना जगवले. मे १९७३ मध्ये त्या कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. तरीही त्या वर्षाला ‘बहात्तरची टंचाई’ असे कोणी म्हटले नाही आणि आजही कोणी म्हणत नाही. सुकडी आणि मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) खाऊन ज्यांनी खडी फोडली, नालाबंडिंगवर आणि पाझर तलावावर माती वाहिली, त्यांच्या लेखी तो बहात्तरचा दुष्काळच होता, आणि जुन्या माणसांची वये अजूनही त्यावरून मोजली जातात. कायद्यातून वगळलेला शब्द बोलण्यातून वगळता आला नाही.

‘टंचाई’ या शब्दात वावगे काही नाही, पण त्याचे व्याकरण वेगळे आहे. ‘टंचाई’ म्हटले की लगेच ‘कशाची?’ असा प्रश्न येतो: पाण्याची, चाऱ्याची, रॉकेलची, खताची. उत्तर मिळाले की तेवढ्या वस्तूचा पुरवठा केला म्हणजे काम झाले. दुष्काळात वस्तूंबरोबर मजुरी जाते, पत जाते, लग्ने लांबतात, शाळा सुटतात. ते सारे एका टँकरने भागत नाही. शिवाय टंचाई ही दुष्काळाची सौम्य पायरीच असेल असेही नाही. कोकणात पावसाळ्यात तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही मे महिन्यात डोंगरावरच्या वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. ती निखळ पाणीटंचाई आहे, तिला दुष्काळ म्हणणे चूक ठरेल. जिल्हा प्रशासनाचा ‘टंचाई आराखडा’ नेमका यासाठी असतो. विहिरींचे अधिग्रहण, विंधन विहिरींची दुरुस्ती, तात्पुरत्या पूरक नळयोजना आणि नदीपात्रात बुडक्या (पाण्यासाठी खणलेले खड्डे) घेणे अशी कामे त्यात येतात. (‘बुडकी’ हा अस्सल ग्रामीण शब्द सरकारी आराखड्यात टिकून आहे, ही समाधानाची बाब.)

‘अवर्षण’ हा शब्द मात्र फक्त पावसापुरता आहे. दुष्काळ वर्षाचे वर्णन करतो, ‘अवर्षणप्रवण’ प्रदेशाचे. माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला या तालुक्यांना कागदावर अवर्षणप्रवण म्हणतात आणि बोलताना ‘दुष्काळी’. सुकथनकर समितीने १९७३ मध्ये अशा तालुक्यांची निश्चिती केल्यावर त्यांच्यासाठी योजना आल्या हे खरे. पण ‘दुष्काळी’ हे विशेषण तिथल्या जमिनीवरून माणसांवरही सरकले, आणि सोयरीक जुळवताना ‘दुष्काळी भागातले स्थळ’ म्हणून नकार देण्याइतके ते पक्के झाले.

प्रतिसाद

वरील विवेचनात ‘आणेवारी’ राहून गेली. शासनाने घडवलेल्या शब्दांत तिच्याइतका खोल रुजलेला शब्द क्वचितच असेल.

सोळा आणे म्हणजे भरघोस पीक, आणि त्या मानाने यंदाचे पीक किती आण्यांचे, हा तिचा मूळ अर्थ. १९५७ मध्ये दशमान नाणी आल्यावर कागदावर ती ‘पैसेवारी’ झाली, पण चावडीवर आजही आणेवारीच लागते आणि वाक्य असे तयार होते की ‘आपली आणेवारी पन्नास पैशांच्या आत आली’. आणा चलनातून जाऊन साठ वर्षांहून अधिक काळ लोटला तरी पीक मोजायला तो टिकून आहे.

‘पन्नास पैशांच्या आत’ हे शब्द कोणत्याही खेड्यात स्पष्टीकरणावाचून समजतात. पैसेवारी पन्नास पैशांहून कमी लागली तर गाव सवलतींत, अन्यथा बाहेर. गावची समिती शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखून पीक कापणी प्रयोग करते, निघालेल्या मालाचे वजन होते, आणि ते ठरवून दिलेल्या प्रमाणित उत्पादनाशी ताडून पाहिले जाते. आधी नजरअंदाज पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम. अंतिम आकडा यायला डिसेंबर उजाडतो. तोवर खरिपाची रास होऊन गेलेली असते, ऊसतोडीला जाणारी कुटुंबे कारखान्यांवर पोहोचलेली असतात आणि सावकाराचा उंबरठा झिजवून झालेला असतो.

या व्यवस्थेचा समाजावर झालेला एक परिणाम मला विशेष वाटतो. शेजारच्या दोन गावांत एकाची पैसेवारी ४९ आणि दुसऱ्याची ५१ लागली, तर ढग, माती आणि ओढा एकच असूनही एका गावातली वसुली थांबते आणि दुसऱ्यातली चालू राहते. त्यामुळे चांगले पीक आल्याचे चारचौघांत न बोलण्याची शिस्त गावाला लागते. ज्याच्या विहिरीला पाणी आहे आणि ज्याचा कापूस बरा आला आहे, तोही समितीपुढे गप्प राहतो, कारण त्याच्या एका वाक्याने सगळ्या गावाचा आकडा वर सरकू शकतो.

प्रतिसाद

मी काही वर्षे महसूल खात्यात काढली आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. ‘पडणे’ आणि ‘जाहीर होणे’ यांतले अंतर हे केवळ शासनाच्या चालढकलीतून निर्माण होते, असा वरील लेखनाचा सूर आहे. तो मला मान्य नाही. सार्वजनिक पैसा वाटायचा तर कुठेतरी रेघ ओढावीच लागते, आणि रेघ कुठेही ओढली तरी तिच्या पलीकडे एक पाऊल अंतरावर कोणीतरी उभा राहणारच. पैसेवारीवर स्थानिक दबाव येतो म्हणूनच केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने पर्जन्यमान, उपग्रहावरून दिसणारी वनस्पतींची स्थिती, मातीतला ओलावा आणि भूजल असे निर्देशांक पुढे आणले. ते कोणाचे नातेवाईक नाहीत. ‘सदृश’ हा शब्दही फसवणुकीसाठी आलेला नाही. निकष पूर्ण व्हायचे असताना किंवा अंशतः पूर्ण झालेले असताना तातडीने काही सवलती देण्याची ती पळवाट आहे, आणि ‘पळवाट’ हा शब्द मी येथे चांगल्या अर्थाने वापरत आहे.

प्रतिसाद

आपला आक्षेप रास्त आहे. रेघ हवीच, याविषयी माझा वाद नाही. माझे म्हणणे एवढेच की रेघेला दिलेल्या नावाचे परिणाम असतात, आणि ‘सदृश’च्या बाबतीत ते तपासून पाहता येतात.

संस्कृतात ‘सदृश’ म्हणजे सारखा दिसणारा. तो शब्द लावताच मूळ वस्तू येथे नाही, तिच्यासारखे काहीतरी आहे, अशी कबुली दिली जाते. २०१५-१६ मध्ये हजारो गावांसाठी निघालेल्या आदेशांत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ असे शब्द होते. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि मे २०१६ मध्ये राज्य शासनाने आधीच्या आदेशांत जेथे ते शब्द आहेत तेथे ‘दुष्काळ’ असे वाचावे, असे जाहीर केले. २९ हजारांहून अधिक गावे त्या एका दुरुस्तीने ‘दुष्काळी’ झाली. जमीन महसुलात सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपांच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, परीक्षा शुल्क माफी, टँकर या सवलती दोन्ही शब्दांखाली बहुतांशी त्याच असतात. तेव्हा केवळ शब्द बदलून काय मिळाले, असे विचारता येईल. त्याच मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वराज अभियानाच्या याचिकेवर आदेश दिला की दुष्काळग्रस्त भागांत शिधापत्रिका नाही म्हणून कोणाला धान्य नाकारू नये आणि उन्हाळ्याच्या सुट्टीतही शाळांतले मध्यान्ह भोजन चालू ठेवावे. असा आदेश ज्या भागाला लागू व्हायचा, त्याचे नाव निःसंदिग्ध असलेले बरे. ‘सदृश’ भागातल्या मुलाची भूक सदृश नसते.

नव्या संहितेनंतरही शेपूट गळून पडले नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये आधी १८० तालुक्यांत ‘दुष्काळसदृश’ स्थिती आणि महिनाअखेरीस १५१ तालुक्यांत ‘दुष्काळ’ जाहीर झाला. म्हणजे त्या वेळी ‘सदृश’ ही आपण म्हणता तशी वाटेतली पायरी होती. २०२३ मध्ये ४० तालुके दुष्काळी ठरले, त्यातही २४ ‘गंभीर’ आणि १६ ‘मध्यम’. आणि उरलेल्या तालुक्यांतल्या, सरासरीच्या ७५ टक्क्यांहून आणि ७५० मिलिमीटरहून कमी पाऊस झालेल्या १,०२१ महसुली मंडळांत ‘दुष्काळसदृश’ परिस्थिती जाहीर झाली. येथे तो शब्द पायरी न राहता कायमचा दर्जा झाला: केंद्राच्या मोजमापात न बसलेल्यांसाठी राज्याने काढलेला स्वतंत्र वर्ग. एका शब्दाचे पाच वर्षांत बदललेले हे काम कोशकारांनी टिपून ठेवावे.

या संहितेच्या मराठी रूपांतराने आणखी एक मासला दिला आहे. दुष्काळाचे मूल्यमापन टप्प्याटप्प्याने करताना ‘पहिली कळ’ आणि ‘दुसरी कळ’ (इंग्रजीतले ‘ट्रिगर’) लागू झाली, असे शासन निर्णयांत लिहिले जाते; पावसाचा निकष पुरा झाला की पहिली, पिके आणि पाणी यांवरील परिणामांचे निकष पुरे झाले की दुसरी, आणि मग निवडक गावांत ‘सत्यमापन’. भाषांतरकाराच्या डोळ्यांपुढे यंत्राची किंवा बंदुकीची कळ असणार. पण मराठी वाचकाला ‘कळ’ म्हटले की पोटात उठणारी कळही आठवते आणि ‘जरा कळ काढा’ असे सांगणारा कारकूनही आठवतो. ‘पहिली कळ लागू झालेल्या तालुक्यांतील शेतकऱ्यांनी’ अशा वाक्याचे तिन्ही अर्थ एकाच वेळी खरे ठरतात. मला हे भाषांतर वाईट वाटत नाही, फक्त ते नकळत इतके नेमके झाले आहे की हसावे की नाही ते कळत नाही.

प्रतिसाद

मूळ प्रश्नात नसलेला, पण चर्चेत यायलाच हवा असा शब्द म्हणजे ‘ओला दुष्काळ’. तो व्याकरणाने वदतोव्याघात, म्हणजे स्वतःलाच खोडणारा शब्दप्रयोग, आहे असे एका संपादकांनी मला सांगितले होते. आपण त्याविषयी काय म्हणाल?

प्रतिसाद

दुष्काळ म्हणजे पावसाचा अभाव असे मानले तरच तो वदतोव्याघात ठरतो. वर म्हटल्याप्रमाणे ‘दुष्काळ’ या शब्दात पाऊस नाहीच. वाईट काळ कोरडा असू शकतो तसा ओलाही असू शकतो. सोयाबीन शेतातच कुजले, कापसाची बोंडे सडली, माती खरडून गेली, तर कणगी तितकीच रिकामी राहते. ‘ओला’ हे विशेषण जोडून लोकांनी शब्दाचा जुना, रुंद अर्थ परत मिळवला आहे, आणि तोही प्रशासनाला ओळखीचा असलेला शब्द वापरून, म्हणजे मागणी नोंदवायला सोपे जावे.

अडचण अशी की शासनाच्या संहितेत ओल्या दुष्काळाला जागा नाही. तिथे ‘अतिवृष्टी’ आहे, आणि तिचीही रेघ आखलेली आहे: महसुली मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस. तीन आठवडे रोज चाळीस-चाळीस मिलिमीटर पडून पीक सडले तर त्याला ‘सततचा पाऊस’ म्हणतात आणि त्याच्यासाठी वेगळे निकष लावावे लागतात. पुढे नुकसान ३३ टक्क्यांहून जास्त असल्याचे पंचनाम्यात आले पाहिजे. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात नद्यांनी पात्रे सोडली तेव्हा ‘ओला दुष्काळ जाहीर करा’ ही मागणी सर्व बाजूंनी झाली. त्यावर मुख्यमंत्र्यांचे उत्तर असे होते की ओला दुष्काळ अशी संज्ञा नियमावलीत नाही, मात्र दुष्काळाच्या वेळी देतात त्या सवलती लागू केल्या जातील. म्हणजे शब्द नाकारला आणि त्याच्याबरोबर येणाऱ्या सवलती दिल्या, हे २०१६ च्या नेमके उलट झाले.

बातमी लिहिणाऱ्यांसाठी माझी सूचना अशी की, शासनाचा आदेश सांगायचा असेल तेथे त्यातलाच शब्द, हवा तर अवतरणचिन्हांत, जसाच्या तसा ठेवावा, कारण ‘गंभीर’, ‘मध्यम’ आणि ‘सदृश’ यांत फेरफार केला तर वाचकाला आपल्या गावाला काय लागू आहे ते समजणार नाही. पण गावाची स्थिती आपल्या शब्दांत सांगताना आदेशाची वाट पाहू नये. पीक गेले असेल आणि माणसे स्थलांतर करत असतील तर ‘दुष्काळ पडला आहे’ असे खुशाल लिहावे, मग जाहीर तो झालेला असो वा नसो. कोशात ‘दुष्काळ’ या नोंदीखाली ‘पडणे’ आणि ‘जाहीर करणे’ या दोन्ही क्रियापदांसह वेगवेगळे अर्थ द्यावेत, ‘ओला दुष्काळ’ ही स्वतंत्र पोटनोंद करावी, आणि ‘दुष्काळसदृश’पुढे ‘प्रशासकीय’ अशी खूण करून २०१८ आणि २०२३ मधले दोन्ही उपयोग नोंदवावेत.